बागेचा सल्ला पुण्याचा, ऊन लातूरचं

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं घरबागेचं सदर मी सुरुवातीपासून वाचते. कात्रणंसुद्धा काढून ठेवते. शिलाई मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याखाली त्यांचा चांगला गठ्ठा झाला आहे. सदर लिहिणाऱ्या ताईंबद्दल माझी काही तक्रार नाही. लिहितात छान आणि फोटोही देखणे असतात. पण गेल्या रविवारी त्यांनी लिहिलं की उन्हाळ्यात कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी द्यावं, दुपारी पानांवर फवारा मारावा आणि शक्य असेल तर गच्चीवर पाणी शिंपडून गारवा ठेवावा. हे वाचून मात्र राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

गच्चीवर पाणी शिंपडायचं, लातूरला, मे महिन्यात! अहो, आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी पै-पाहुण्याला 'आज येऊ नका' म्हणून फोन करतात. गल्लीतले बोअर पाचशे फुटांच्या खाली गेलेत आणि त्यातून जे येतं ते पाणी म्हणायचं की मिठाचा काढा, ते चहा करून बघितल्यावर कळतं.

मी शिलाईकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, बाजूला हातभर रुंदीचा पट्टा आणि वर सहाशे चौरस फुटांची गच्ची, एवढंच माझं राज्य. त्यात मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, ड्रममधलं लिंबू, हंगामाप्रमाणे भाजीपाला आणि न्हाणीच्या पाण्यावर चमकुरा आहे. पुण्या-मुंबईचे लोक ज्याला अळू म्हणतात तो. सांगायचं एवढंच आहे की मराठवाड्यात घरबाग होते, झकास होते, पण ती इथल्या मातीच्या, इथल्या पाण्याच्या आणि इथल्या हंगामाच्या कलाने करावी लागते. आपल्या सदरात आमची माती नाही, पाणी नाही आणि हंगामही आमचा नाही.

आधी पाण्याचंच बोलते, कारण इथे सगळं तिथूनच सुरू होतं. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे त्या गाडीचं 'जलदूत' असं नाव सगळीकडे झालं. त्या दिवसांत झाडाला तांब्याभर पाणी घालायचं तर आजूबाजूला बघून घालावं लागायचं, शेजारीण काय म्हणेल म्हणून. गुलाब गेले, जास्वंद गेली, पहिलं लिंबू गेलं. राहिला तो शेवगा, बोगनवेल, कोरफड आणि कढीपत्ता. मोगरा तर पार काडी होऊन उभा होता. मृगाच्या सरी पडल्या आणि त्याच काडीला बुडाशी कोंब आले. तेव्हापासून माझ्या गच्चीत जागा कुणाला द्यायची याचा हिशेब बदलला. आठवडाभर पाण्यावाचून तग धरणाऱ्याला पहिला मान, बाकीच्यांना उरलेली जागा. सदरात मात्र दर उन्हाळ्यात फर्न, कॅलॅथिया आणि हायड्रेंजियाचे फोटो येतात. बघायला बरे वाटतात.

आता पाणी नसताना पाणी कसं द्यायचं, तर माझ्या धंद्यातच त्याचं उत्तर निघालं. ब्लाऊज शिवताना कातरण निघतं. त्यातलं 'टू बाय टू'चं, म्हणजे शुद्ध सुती, वेगळं ठेवायचं. टेरिकॉटचं किंवा सिल्कचं इथे काही कामाचं नाही, ते पाणी ओढतच नाही. सुती पट्ट्या आधी गरम पाण्यातून काढून घ्यायच्या, नाहीतर नव्या कापडाची खळ तशीच राहते. मग तीन पट्ट्यांची वेणी घालायची. पाण्याची बादली दोन विटांवर मधोमध, कुंड्यांपेक्षा जरा उंच ठेवायची, वेणीचं एक टोक बादलीच्या तळाला आणि दुसरं कुंडीत चार बोटं खोल मातीत पुरायचं. मधला उघडा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीच्या पट्टीने गुंडाळला नाही तर पाणी कुंडीत जायच्या आधी उन्हात उडून जातं. एवढं केलं की कापड आपलं आपण पाणी ओढत राहतं, माती जेवढं मागेल तेवढं. लग्नसराईत मला मशीनवरून उठायला फुरसत नसते, तेव्हा सगळी बाग या वेण्यांवर असते. फक्त बोअरच्या पाण्यामुळे काही दिवसांनी वेणीवर पांढरा थर धरतो, ती कडक होते आणि ओढायची थांबते. मग नवी घालायची. कातरणाला काय तोटा!

मोठ्या ड्रममध्ये मी मडकं पुरते. ही आमच्या सासूबाईंची पद्धत. त्यांचं माहेर औशाकडचं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, मागे परडं. कच्चं, बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडकं पाझरतं आणि मुळं त्याला येऊन चिकटतात. हल्ली बाजारात रंग दिलेली, चमकी लावलेली मडकी मिळतात, ती दिसायला कितीही गोंडस असली तरी पाझरत नाहीत.

पावसाचं गणित ताईंनी कधी मांडलेलं दिसलं नाही, म्हणून मी मांडते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. माझी सहाशे फुटांची गच्ची म्हणजे पंचावन्न चौरस मीटरच्या जवळपास. दहा मिलिमीटरची एक बरी सर पडली की साडेपाचशे लिटर पाणी पन्हाळीतून रस्त्यावर वाहून जातं. पहिल्या सरीत गच्चीची धूळ आणि कबुतरांची घाण धुऊन निघते, ती जाऊ द्यायची. नंतरचं ड्रममध्ये घ्यायचं, वर जुन्या अस्तराच्या कापडाचं फडकं बांधून, नाहीतर डासांची पैदास आणि शेजाऱ्यांशी भांडण. या पाण्यात क्षार नसतो. तसंच एसीचं पाणी. समोरच्या गाळ्यातल्या एसीची नळी माझ्या भिंतीच्या बाजूला उतरते, तिच्याखाली गाळामालकाला विचारून बादली लावली आहे. गुलाब आणि जास्वंदीला ते अमृत आहे. कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणी मात्र चुकूनही घालू नये. दिवसभर पाणी उडून जातं आणि सगळा क्षार तिथे गोळा होतो.

याच धर्तीवर एक सल्ला आपल्या सदरात आला होता, शुद्ध पाण्याच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडांना घाला म्हणून. पुण्यात धरणाच्या पाण्यावर मशीन चालत असेल तर चालत असेल. इथे मशीन बोअरच्या पाण्यावर चालतं आणि त्यातून बाहेर टाकलेलं पाणी मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही जास्त खारं असतं. मी त्याने फरशी पुसते. तसंच कपड्याच्या पावडरचं पाणी. त्यातल्या सोड्याने आमची काळी माती चोपण होते. एकदा चोपण झाली की वर पाणी साचून राहतं आणि खाली मुळं कोरडी. शेतकरी त्यावर जिप्सम टाकतात. गच्चीत ती वेळच कशाला येऊ द्यायची? अंघोळीचं, तांदूळ-डाळीचं, भाजी धुतलेलं पाणी बिनधास्त घालावं. चमकुरा त्यावरच माजतो.

आता मातीचं बघा. सदरात दर वेळी लिहिलेलं असतं, लाल माती इतके भाग, कोकोपीट इतके, शेणखत इतके. लाल माती इथे गोणीने विकत मिळते, पार बाहेरून येते, आणि तिच्या भावात माझ्या गिऱ्हाइकाचा एक साधा ब्लाऊज शिवून होतो. आमच्या पायाखाली आहे ती काळी, कापसाची माती. शेतात ती सोनं असेल, पण कुंडीत तिचे नखरे वेगळे. ओली झाली की फुगते आणि वाळली की पहिल्या धुण्यात आटणाऱ्या सुती कापडासारखी सगळीकडून आत येते. एप्रिलमध्ये माझ्याकडे येऊन बघावं. मातीचा गोळा कुंडीच्या काठापासून सुटलेला असतो आणि मध्ये बोट जाईल एवढी फट पडलेली असते. वरून पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. माणसाला वाटतं, कुंडी भरून पाणी खाली आलं, झाड तृप्त झालं. वर बोट खुपसून बघा, दोन इंचांखाली माती ठणठणीत कोरडी! 'रोज पाणी घालूनही झाड वाळलं' म्हणून माझ्याकडे बायका सांगत येतात, त्यातल्या निम्म्या जणींच्या कुंडीत हीच फट असते.

यावर इलाज इथल्याच उकिरड्यावर आहे. लातूर म्हणजे सोयाबीनची पेठ. खळ्यावर सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, ढिगाने पडलेली असते. गुऱ्हाळावर उसाचं चिपाड असतं. ते कुजवून काळ्या मातीत निम्म्याने मिसळलं की माती मोकळी राहते, आटली तरी फट पडत नाही आणि वर दोन बोटं गुळीचा थर अंथरला की ऊन थेट मातीला लागत नाही. कोकोपीटची वीट केरळहून यायची गरज नाही. माझ्याकडे हे सगळं शिलाईच्या हिशेबात येतं. खेड्यावरच्या एक ताई आहेत, त्यांच्या दोन ब्लाऊजची शिलाई म्हणजे एक पोतं शेणखत आणि एक पोतं गुळी. दोघी खूश. शेणखत मात्र पुरतं कुजलेलं, हाताला भुसभुशीत लागणारं आणि वास न येणारं घ्यावं. कच्च्यातून हुमणी येते आणि हराळीही. हुमणी मुळं कुरतडते, झाड उभंच्या उभं माना टाकतं आणि उपटलं तर हातात येतं, खाली पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली अळी.

एक गोष्ट आपल्या वाचकांना सरळ नुकसानीत घालणारी वाटली. 'पानं पिवळी पडली तर नत्राची कमतरता, युरियाची चिमूट घाला' असं सदरात आलं होतं. आमच्या चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात जास्वंद, गुलाब, लिंबू पिवळे पडतात ते बहुतेक वेळा लोहामुळे. ओळखायला अगदी सोपं आहे. पान उन्हासमोर धरा. शिरा हिरव्यागार, मधला भाग पिवळा, आणि हे शेंड्याच्या नव्या पानांत आधी दिसत असेल, तर लोह कमी आहे. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी आणि सगळीच्या सगळी पिवळी होतात. लोह मातीत नसतं असं नाही, पण चुनखडीत ते झाडाला मिळत नाही. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फार उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारलं की आठवड्या-पंधरवड्यात नवी पानं हिरवी येतात. फवारणीचं पाणी पावसाचं किंवा एसीचं असेल तर आणखी बरं. आणि पांढऱ्या कपड्यांजवळ फवारू नका, गंजाचे डाग पडतात. आमच्या धंद्यात असा डाग म्हणजे गिऱ्हाईक तुटलंच.

रोपांच्या गाड्यांबद्दल दोन शब्द. पावसाळ्याच्या तोंडावर आंध्रातल्या कडियमकडची रोपं ट्रक भरभरून इथे येतात, रस्त्याकडेला विकली जातात. फुलांनी लगडलेला गुलाब बघून कुणाचाही हात खिशात जातो. त्या रोपाच्या मुळाशी चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच आपल्या काळ्या मातीत लावला की दोन्ही मातींचं जुळत नाही, पाणी गोळ्यात शिरत नाही आणि मुळं गोळ्याबाहेर येत नाहीत. गोळा बादलीत तासभर भिजवून, बोटांनी हलकेच सैल करून मगच लावावं. शिवाय गुलाब डोळा भरलेला, म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडावर कलम केलेला असतो. वरचा डोळा उन्हाने मेला आणि खालून जंगली फुटवे आले की काटे भरपूर आणि फुलं मात्र वर्षानुवर्षं येत नाहीत. एका विक्रेत्याला मी हे दाखवलं तर म्हणाला, "मावशी, पाणी कमी पडलं असेल." त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

हंगामाचं तर विचारूच नका. मार्च-एप्रिलमध्ये टोमॅटो लावायला सांगतात! पारा चाळिशीला टेकला की टोमॅटोची फुलं धरत नाहीत, गळून पडतात. कोथिंबिरीचे धणे रगडून, भिजवून कितीही जीव लावला तरी त्या उन्हात उगवत नाहीत. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला गुलाब छाटावेत आणि मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी हे सगळं दिवाळीच्या आगेमागे मार्गी लावावं. त्याच वेळी एका क्रेटमध्ये करडई पेरावी. कोवळी, काटे यायच्या आधीची करडईची भाजी आणि ज्वारीची भाकरी ज्याने खाल्ली नाही त्याला पालकाचं कौतुक. ही भाजी सदरात एकदाही आली नाही. अंबाडी आली नाही, वाळूक आलं नाही, घोळ तर 'तण' म्हणून आली, उपटून टाका म्हणून! उन्हाळ्यात दुसरं काही हिरवं नसताना घोळ आपोआप उगवते, डाळ घालून करतात, आणि ताई ती उपटायला सांगतात.

मृगाला दोडका, कारलं, गवार, भेंडी. भेंडीत 'परभणी क्रांती' लावा, आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे. भेंडीवर हळद्या पडतो, पानाच्या शिरा पिवळ्या होतात, पांढरी माशी तो रोग पसरवते. या रोगाला दाद न देणारं वाण म्हणूनच परभणी क्रांतीचं नाव झालं. संकरित नसल्यामुळे बी घरचं धरता येतं. चार शेंगा झाडावर वाळू द्यायच्या, तडकायला लागल्या की काढायच्या, राखेत घोळून डबीत ठेवायच्या.

दोडक्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण सदरात छापून आलं आहे की वेलवर्गाचं परागीभवन सकाळी हाताने करावं. भोपळ्याचं, कारल्याचं, घोसाळ्याचं सकाळी ठीक आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं! पाच-सहाच्या सुमाराला कळी सुटायला लागते आणि अंधार पडेपर्यंत पिवळंधमक फूल उघडलेलं असतं. दुधीचंही पांढरं फूल संध्याकाळचंच. शेतात रात्री पतंग येतात, काम होऊन जातं. गच्चीवर, सिमेंटच्या जंगलात, पतंग कुठून येणार? मग बाईमाणूस म्हणते, फुलं इतकी येतात पण दोडका धरत नाही, बोटाएवढा होतो आणि पिवळा पडून गळतो. दिवेलागणीला मी मशीन बंद करून वर जाते. नर फुलं घोसाने असतात, मादी एकेकटं आणि तिच्यामागे आधीच इवलासा दोडका असतो, शिरा उमटलेला. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि मधल्या पिवळ्या पुडीने मादी फुलाच्या मध्यभागाला अलगद स्पर्श करायचा. बोटाला पिवळा रंग लागला तर पूड ताजी आहे. सकाळपर्यंत ते फूल मिटलेलं असतं, आणि मिटलेल्या फुलाला कुणी कितीही हात लावला तरी काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागचा दोडका ताठ झालेला दिसला की जो आनंद होतो तो शिलाईचे पैसे हातात पडल्यावरही होत नाही, खरं सांगते.

किडींवर इतक्यात ताईंचा मोठा लेख आला होता, त्यामुळे मी फार लिहीत नाही. निंबोळी अर्क विकत घ्यायची गरज नाही. जून-जुलैत कुठल्याही कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. वाळवून ठेवाव्यात. लिटरला पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर भिजत घालायच्या, दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळायच्या, साबणाचं थोडं पाणी मिसळून संध्याकाळी फवारायचं, आणि केलं त्या दिवशीच संपवायचं. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा, त्याच त्यांना सांभाळतात.

पण लिंबाच्या अळीवर ताईंनी जे औषध सांगितलं ते मी मारणार नाही. ही अळी बारीक असताना पानावर पक्षी शिटलाय असंच वाटतं, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. मोठी झाली की हिरवीगार, पानात मिसळून जाते. काडीने डिवचली की डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की हात मागे घ्यावा. ड्रममधलं लिंबू ती चार दिवसांत बोडकं करते हे खरं. मी त्या अळ्या उचलून कढीपत्त्यावर नेऊन सोडते. कढीपत्ता माझ्याकडे भरपूर आहे, अर्धा त्यांनी खाल्ला तरी फोडणीला कमी पडत नाही. पुढे त्यांची काळी-पिवळी फुलपाखरं होतात आणि गच्चीवरून फिरतात. शेजारच्या लेकराला कोष फुटताना दाखवला तर त्याने शाळेत जायला नकार दिला. त्याच्या आईने मला दोन शब्द सुनावले, ते ऐकून घेतले.

नुकसानीत अजून एक आहे, ते कुठल्याच पुस्तकात नसतं. पहाटे फिरायला निघालेली सज्जन मंडळी. हातात काठी, काठीला आकडा, खिशात पिशवी. देवाला फुलं म्हटलं की दुसऱ्याच्या कुंपणावर हात टाकायला मुभा असते असा समज आहे. बाजूच्या पट्ट्यातली जास्वंद सूर्य उगवायच्या आत साफ. विचारलं तर म्हणतात, "देवालाच तर वाहणार ना, ताई!" घरच्या देवाला मग मी तुळशीपत्र वाहते. त्याची काही तक्रार आलेली नाही.

आणि आनंद कसला म्हणाल तर येळवसेचा. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिवकडे सणच आहे. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप (खोपी) करतात, पांडव पूजतात आणि भज्जी (मिसळीची भाजी), आंबील, उंड्यांचं जेवण होतं. आमचं शेत कधीच राहिलं नाही. पण ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी बोलावतंच, मी सांगितलेल्या त्या शेणखताच्या ताई आम्हाला दर वर्षी नेतात. गेल्या येळवसेला मी गच्चीवरची मेथी, पातीचा कांदा आणि कोथिंबीर घेऊन गेले, भज्जीत घालायला. शेतावर भाजी घेऊन जायची, म्हणजे खाणाऱ्याने हलवायाला पेढे नेण्यासारखंच. हसल्या सगळ्या. पण त्यांच्या घरच्या म्हातारीने कोथिंबिरीची जुडी नाकाला लावली, देठ मोडून चावून बघितला आणि विचारलं, "कुठल्या रानातली गं ही? वास कसा घमघमतोय!" मी म्हटलं, गच्चीतली. तिला पटलं नाही. गच्चीत कुठं कोथमीर येते का, माळवदावर माती असली म्हणून काय पेरतात का, म्हणून तिने मलाच वेड्यात काढलं.

तर संपादक महोदय, सदर बंद करा असं मी म्हणत नाही. त्यात महिन्यातून एकदा तरी मराठवाड्याचं पान द्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात उद्यानविद्येचे जाणते आहेत, संभाजीनगरला हिमायतबागेत त्यांचं फळ संशोधन केंद्र आहे, त्यांना लिहायला सांगा. कमीत कमी सल्ल्याच्या वर एवढं तरी छापा की हा कुठल्या पाण्यासाठी आणि कुठल्या मातीसाठी आहे. औषधाच्या बाटलीवरही कुणी घ्यायचं ते लिहिलेलं असतं.

आणि ते जमायला वेळ लागणार असेल, तर पुढच्याच रविवारी दोडक्याच्या परागीभवनाची ती 'सकाळी' ही ओळ तेवढी दुरुस्त करून छापावी ही विनंती. मृग तोंडावर आला आहे, बी आणून ठेवलेल्या पुष्कळ जणी असतील, आणि जुलैच्या शेवटी फुलं लागायला सुरुवात होईल.

आपली नियमित वाचक,
लातूर

(नाव छापू नये. सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी दोघांच्या घरचे ब्लाऊज माझ्याकडेच शिवायला असतात.)